बैलगाडा शर्यतीसाठी ७०-२०० एफ/२.८ : हंगामभराच्या वापरानंतर

शर्यतीला किमान ४०० मिमीची लेन्स हवीच, असा सल्ला हटकून मिळतो. खेड-जुन्नरकडचे घाट (शर्यतीची चढाची धावपट्टी) आणि सातारा-सांगलीकडची सपाट मैदानं, दोन्हीकडे ७०-२०० मिमीची झूम लेन्स वापरल्यावर मला हा सल्ला पटत नाही. या लेन्सची किंमत पल्ल्यात नाही. ती वसूल होते शेवटच्या दोन सेकंदांत आणि दिवस मावळताना.

हिशेब मांडून पाहा. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) असेल तर २०० मिमीला ३० मीटरवरची साधारण साडेतीन मीटर रुंदी चौकटीत बसते. ७० मिमीला तेवढीच रुंदी १० मीटरवर मिळते. जोडी सेकंदाला १० मीटर पळते असं धरलं, तर या दोन टोकांमध्ये हातात दोन सेकंद राहतात. तेवढ्या वेळात झूमचं कडं एका दमात फिरवत आणलं की जोडी शेवटपर्यंत चौकटीत राहते. ४०० मिमीवर मात्र जोडी जवळ येताच शिंगं आणि खूर कापले जातात, आणि लांबूनच टिपायचं म्हटलं तर दुपारी तापलेल्या मातीवरच्या झळा आड येतात. झळांमुळे मऊ आलेला फोटो कुठल्याही लेन्सने सुधारत नाही, म्हणून भर उन्हात ५० मीटरपलीकडे मी बटण दाबतच नाही.

दुपारी एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, काढायचा मोह टाळा. ३० मीटरवर, २०० मिमीला एफ/२.८ वर स्पष्ट येणारी खोली जेमतेम अडीच मीटर असते, त्यामुळे बैलांची तोंडं येतात आणि गाडीवान पुसट होतो. छिद्र लहान करून एफ/५.६ वर हीच खोली पाच मीटरच्या आसपास जाते आणि बैलाच्या नाकपुडीपासून गाडीवानाच्या चेहऱ्यापर्यंत सगळं मिळतं. शटर १/२००० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २५० ते ४००. उन्हात एवढं पुरतं.

एक्स्पोजरचा (फोटोतल्या उजेडाचा) घोटाळा पांढऱ्या खिलार बैलांमुळे होतो. चौकटीत काळपट माती जास्त असली की कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढऱ्या पाठीवरचा सगळा तपशील उडून जातो. त्यासाठी एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवावं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). सावल्या नंतर उचलता येतात, जळालेला पांढरा परत येत नाही. भंडाऱ्याने माखलेल्या बैलांचा पिवळा रंगही असाच फाटतो.

फोकस कुठे चुकतो हे शर्यतीच्या प्रकारावर ठरतं. पुण्याकडच्या घाटात एका वेळी एकच बारी, म्हणजे एकाच गाड्याची धाव, सुटते. चार बैल आणि त्यांच्यापुढे घोडी. चौकटीत आधी घोडी येते, कॅमेरा तिलाच धरून ठेवतो आणि बैल धुरकट येतात. म्हणून फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्यावा, आणि घोडी चौकटीच्या कडेला गेल्यावरच ते बटण दाबावं. साताऱ्याकडच्या मैदानात एका गटात अनेक छकड्या (हलक्या बैलगाड्या) आपापल्या तासातून, म्हणजे आखलेल्या पट्टीतून, एकदम पळतात. तिथे सगळ्या पकडायच्या नादात एकही धड येत नाही. कडेच्या तासातली एक जोडी ठरवून तिच्यावरच छोटा फोकस झोन ठेवावा, आणि मध्ये झेंडा किंवा धुरळा आला तर फोकस लगेच उडी मारणार नाही अशी ट्रॅकिंगची सेटिंग करावी. लेन्सवर फोकसची हद्द ठरवणारं बटण असेल तर जवळचं अंतर बंद ठेवा. बॅरिकेडवरचे हात मध्ये आले की लेन्स पार जवळपर्यंत धाव घेते आणि परत येईतो बारी संपलेली असते.

इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. फिरती चाकं त्यात वाकडी येतात. मेकॅनिकल शटरने सेकंदाला १० फ्रेम भरपूर झाल्या, पण सुटल्यापासून निशाणापर्यंत (शेवटच्या रेषेपर्यंत) बोट दाबून धरलं तर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, नेमका शेवटी भरतो. तीन छोट्या टप्प्यांत काढा.

पॅनिंग, म्हणजे जोडीबरोबर कॅमेरा आडवा फिरवत काढणं, १/८० ते १/१२५ वर. लेन्सचं स्थिरीकरण मोड २ मध्ये, म्हणजे फक्त उभी थरथर थोपवणारं. उधळत्या बैलाचं डोकं वरखाली होतं, त्यामुळे निम्म्याहून जास्त फ्रेम वाया जाणारच.

फायनल बहुधा संध्याकाळी लांबतात आणि स्वस्त झूम तिथेच हार मानतात. एफ/२.८, १/१२५०, आयएसओ ३२०० ते ६४००. गाडीवान थोडा मऊ येईल, बैलांचे डोळे मिळतील.

खटकलेली गोष्ट म्हणजे दीड किलोच्या घरातलं वजन. दुपारनंतर मनगट थरथरतं. समोरून येणाऱ्या जोडीसाठी मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) उत्तम, पॅनिंगला तो अडतो. धुरळा आणि भंडारा काचेवर बसला तर कापडाने पुसू नका. आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश. मैदानात लेन्स बदलू नका.

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून शर्यतींना परवानगी मिळाली ती अटींसह. बैलाला चाबूक मारायला मनाई आहे. त्यामुळे सुटण्याच्या जागेच्या फोटोत मी गाडीवानाचे हात चौकटीबाहेर ठेवत नाही, त्यांत चाबूक नाही हे दिसायला हवं. तिथे फ्लॅशही मारू नये, जुंपलेले बैल बिथरतात. निशाणापलीकडे जोडी लगेच थांबत नाही, तेव्हा समोरचा कोन कितीही चांगला असला तरी बॅरिकेडच्या बाहेरूनच काढा. तिरकं उभं राहिलं तरी २०० मिमी तिथून पुरतं.

फक्त दिवसाच्या बाऱ्या काढायच्या असतील तर याच पल्ल्याची एफ/४ लेन्स घ्या. पैसे वाचतात, वजनही बरंच कमी होतं.