अंबडची जॉबवर्कवाल्यांची मासिक बैठक: पाचपैकी चार तारे

इथे कुणी ओळखी करून घ्यायला येत नाही, कारण ओळखी आधीच असतात. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका गल्लीत तीन-चार व्हीएमसीवाले (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर दुसऱ्यांचे सुटे भाग करून देणारे) असले की कुणाकडे नवं मशीन उतरलं, कुणाचा ऑपरेटर कुणी पळवला, सगळं चहाच्या टपरीवर कळतं. तरीही आमची गाठ पडायची ती फक्त कोटेशनमध्ये, कंपनीतला खरेदीवाला "शेजारचे कमी घेतात" म्हणायचा तेव्हा.

धंद्याच्या ओळखींचे गट नाशकात भरपूर आहेत. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बीएनआयमध्ये एका गटात एका धंद्याचा एकच माणूस घेतात. विमावाले, केटरर, इंटिरियरवाले यांना ते सोयीचं असेल. पण एच सेव्हनमध्ये, म्हणजे अगदी काटेकोर मापात, बोअर (भोक) काढून हवाय असं गिऱ्हाईक केटररला कुठे भेटणार? मला काम देऊ शकतो तो ज्याच्या मशीनवर काम बसत नाही असा माणूस, म्हणजे माझा स्पर्धकच. या बैठकीत व्हीएमसी, टर्निंग, वायरकट, ग्राइंडिंग असे सगळे असतात, एकाच कामाचे तिघे-चौघेसुद्धा.

बोलायचं दोनच गोष्टींवर. पुढच्या महिन्यात कुठलं मशीन रिकामं आहे, आणि कुठलं काम आपण नाकारलं. दुसरा प्रश्न ज्याने काढला त्याला मानलं. आपल्याला काय जमतं ते सगळेच फुगवून सांगतात. काय सोडून दिलं ते सांगताना चौथा अक्ष (काम फिरवून कापायची सोय) नाही, सीएमएम (मापं तपासायचं मशीन) नाही, हे आपसूक बाहेर पडतं. माझ्या समोरच्या गाळ्यातल्या भाऊंनी असंच एका बेसप्लेटचं काम सोडल्याचं सांगितलं. त्यांच्या टेबलावर ती बसत नव्हती, माझं टेबल हजार मिलिमीटरचं. "ताई, तुमच्याकडे होईल, पण पार्टी माझीच राहील हां," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. एकट्यात फोनवर ते हे बोलले नसते आणि मीही ऐकून घेतलं नसतं.

संयोजक कराराचा एक मराठी नमुना देतात, दोन पानांचा. फीचे पैसे खरे तिथे वसूल होतात. ड्रॉइंगवरून गिऱ्हाइकाचं नाव काढून द्यायचं. काम घेणाऱ्याने त्या पार्टीला दोन वर्षं थेट कोटेशन द्यायचं नाही. पहिला नग दोघांनी एकत्र मोजायचा, म्हणजे माझा बोअर गेज खरा की तुमचा हा वाद मालाचा ढीग लागल्यावर होत नाही. रिजेक्शनचंही लिहिलंय: कास्टिंगमध्ये ब्लोहोल (आतली हवेची पोकळी) निघाला तर माल देणाऱ्याचं नुकसान, माप चुकलं तर मशीन चालवणाऱ्याचं, मटेरियलसकट. आमच्या धंद्यातली बरीच मैत्री याच मुद्द्यावर तुटते. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे वर्षाच्या आत परत यावा लागतो, म्हणून चलनांचा तक्ताही सोबत जोडलाय. लेखी करार असला तरी छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत असा कायदा आहे. या नमुन्यात मुदत ३० दिवसांची आहे.

मध्यंतरी एकाने टूम काढली की मशीनचा तासाचा दर सगळ्यांनी मिळून ठरवू या. टाळ्या पडल्या. संयोजकांनी तिथेच थांबवलं. स्पर्धकांनी संगनमताने भाव बांधणं किंवा टेंडर भरणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये सापडतं, असं स्पष्ट सांगितलं. दोघं-तिघं रागावून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. माझा मात्र त्या दिवशी संयोजकांवर भरवसा बसला.

एक तारा कापला तो आधी वेळेसाठी. साडेआठ म्हणजे सव्वानऊ, तोवर वर्कशॉपमधून फोनावर फोन. मिसळीचा रस्सा पांचट, आणि तो नाशकात वाढायला हिंमत लागते! पण मोठी तक्रार वेगळीच आहे. गिऱ्हाईक फोडू नये यावर करारात अख्खा परिच्छेद आहे, ऑपरेटर फोडण्यावर चकार शब्द नाही. विचारलं तर "कामगाराने कुठे जावं ही त्याची मर्जी" म्हणतात. कामगाराची मर्जी मलाही मान्य आहे. पण बैठकीत शेजारी बसून, कोण काय पगार देतं ते ऐकून, संध्याकाळी त्याच माणसाला फोन लावणाऱ्या शेठचं काय?

ज्यांचं स्वतःचं प्रॉडक्ट आहे त्यांना इथे फारसं हाताला लागणार नाही. एक-दोन मशीनवाल्यांनी जरूर जावं. पहिली बैठक फुकट असते. व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घरी ठेवा. टेबलाची मापं आणि अलीकडे परत पाठवलेल्या ड्रॉइंगची यादी सोबत घ्या.