नखं पांढरी करायचं किट घेताय? आधी डाग कशाचा ते बघा

ऑनलाइन सध्या जिकडे तिकडे दिसतंय ते गुलाबी डब्यातलं नेल व्हायटनिंग किट, ४४९ रुपयांचं, त्याबद्दल लिहितेय. नाव देत नाहीये, कारण तसंच किट वेगवेगळ्या नावांनी विकलं जातंय आणि डब्यात साधारण तेच ते निघतं: एक पावडर, नख घासायचा चार बाजूंचा बफर, नेलपेंटच्या खाली लावायचा एक बेस कोट आणि बोटभर उंचीची तेलाची बाटली. आधीच सांगून टाकते, ५ पैकी अडीच, आणि त्यातले दोन तर एकट्या बेस कोटचे आहेत.

आमच्या घरात पिवळी नखं दोन प्रकारची होती त्यामुळे टेस्टिंग आपोआप झालं. माझी हळदीची. थंडीत ठाण्याच्या गावदेवी मंडईत ओली हळद दिसायला लागली की आमच्याकडे लोणचं होतंच, ती सोलायची, किसायची, आणि मग ऑफिसमध्ये जाऊन कीबोर्डवर ती पिवळी बोटं घेऊन बसायचं. नणंदेची नखं नेलपेंटची. ती ऐरोलीला कंपनीत आहे, गडद मरून आणि लाल सोडून तिला दुसरा रंग चालत नाही, एक काढला की त्याच रात्री दुसरा, आणि खाली बेस कोट वगैरे काही नाही. गडद रंगातलं पिगमेंट नखाच्या वरच्या थरात मुरतं आणि रिमूव्हरने रंग निघाला तरी तो पिवळट डाग आत राहतो. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात लिहिलंय 'सर्व प्रकारच्या डागांसाठी'. इथेच माझं त्यांच्याशी वाजलं.

आधी पावडर. मागे घटक वाचले तर पहिलंच नाव सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा, वर थोडा सुगंध. कार्डवर लिहिल्याप्रमाणे पाण्यात कालवून नखांना लावली आणि हळदीची नखं बघता बघता लालसर तपकिरी झाली! नणंद बघून म्हणते, "वहिनी, तू हळद घालवतेयस की कुंकू लावतेयस?" आता यात घाबरण्यासारखं काही नाही, हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत गेलं की लाल होतं, पांढऱ्या शर्टावरच्या वरणाच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तेच हे, आणि आपल्याकडे कुंकू हळदीला चुना लावूनच करायचे. नंतर लिंबाचं पाणी लागलं की परत पिवळं. म्हणजे रंग बदलला, गेला काहीच नाही. पण ज्या देशात निम्मी गिऱ्हाईकं रोज फोडणी देतात तिथे विकायच्या डब्यावर ही एक ओळ छापायला काय हरकत होती? नणंदेच्या नेलपेंटच्या डागांवर त्याच पावडरने जरा फरक पडला, वरवरचा मळकटपणा गेला, पण ते काम दहा रुपयांच्या सोड्यानेही झालं असतं.

हळदीसाठी खरं काम केलं ते घरच्या खोबरेलाने. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून पाण्याने कितीही घासा, ते हलत नाही. कोमट खोबरेल नखांवर चोळायचं, पाच मिनिटं ठेवायचं, कापसाने पुसायचं, कापूस पिवळा होतो तेव्हा बरं वाटतं, मग भांड्याचा साबण. असं दोनदा. उरलेला रंग उन्हात फिकट होतो, हळदीचा डाग पडलेला कपडा आपण उन्हात टाकतो तसंच. फक्त एक, लिंबू चोळून उन्हात जाऊन बसू नका, तसं सांगणारे व्हिडिओ खूप फिरतायत, लिंबाचा रस कातडीवर असताना कडक ऊन लागलं की काहींना भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग राहतात ते वेगळेच.

बफर. चार बाजू, चार वेगवेगळा खरखरीतपणा, वस्तू वाईट नाही, शेवटच्या बाजूने चकाकी मस्त येते. पण कार्डवर लिहिलंय दर आठवड्याला चारही बाजूंनी घासा. अहो, पांढरं दिसतं कारण तुम्ही नखाचा वरचा थर घासून काढताय! दर आठवड्याला असं केलं तर नख कागदासारखं पातळ होईल, गरम कपाला हात लावला तरी झोंबेल. मी पहिल्या खरखरीत बाजूला हातच लावत नाही, बारीक बाजूंनी हलक्या हाताने, तेही महिन्यातून एखाद्या वेळी. कार्ड ज्याने लिहिलं त्याला बहुतेक पुढच्या महिन्यात दुसरा बफर विकायचा असावा.

बेस कोट मात्र आवडला. बाटलीत निळसर जांभळी छटा दिसते आणि त्याने नख लगेच कमी पिवळं दिसतं, पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो तोच प्रकार, डाग जात नाही पण डोळ्याला पांढरं वाटतं. लग्नाबिग्नाला संध्याकाळपुरतं हवं असेल तर एकदम कामाचं. आणि मुख्य म्हणजे तो खरोखर बेस कोट आहे, नेलपेंट आणि नख यांच्यात थर राहतो. नणंदेने तेव्हापासून खाली हा लावूनच मरून लावलं आणि काढल्यावर नवीन पिवळेपणा दिसला नाही. वास मात्र जाम उग्र, खिडकी उघडी ठेवूनच लावा. हा लावायच्या आधी एकदा बघून घ्या की पिवळं नक्की नखच आहे ना, कधीकधी जुना पारदर्शक टॉप कोटच पिवळा पडलेला असतो, रिमूव्हर फिरवला की प्रॉब्लेम संपला.

तेलाच्या बाटलीबद्दल काय लिहू, वासाचं तेल आहे, घरात खोबरेल असताना उगाच.

जे काम किटकडून व्हायला हवं होतं ते शेवटी नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने केलं, तेही किटच्या पाव किमतीत. आपल्याकडे साधारणपणे २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्क्यांचं मिळतं, लेबल वाचून घ्या, ते तसंच वापरायचं नाही, तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांवर आणायचं. कापसाने फक्त नखावर लावायचं, दोन-तीन मिनिटं, मग धुवायचं आणि लगेच तेल. बाजूच्या कातडीला लागलं तर ती थोडा वेळ पांढरी पडते आणि चुरचुरते, धुतल्यावर निवळते. नखुरडं झालं असेल, चिरा असतील तर नकोच. आठवड्यातून एकदा पुरे, रोज केलं तर नख कोरडं होऊन पापुद्रे सुटतात. बाटली डार्क असते ती उजेडात खराब होऊ नये म्हणून, त्यामुळे पारदर्शक बाटलीत काढून ठेवू नका. नणंदेची नखं यानेच उजळली, सगळी नाहीत, अंगठ्यांचा खोलवरचा डाग राहिलाय, तो वाढून कापला जाईल तेव्हाच जाणार. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवीन यायला सहा महिने धरा. 'सात दिवसांत गुलाबी नखं' हे डब्यावरचं वाक्य वाचून हसायला येतं ते यामुळे.

आमच्या मजल्यावरच्या काकांनी सिगारेट सोडली तेव्हा हे छान दिसलं होतं, मुळापासून स्वच्छ नख वर येत होतं आणि पिवळा भाग पुढे सरकत होता, मध्ये सरळ रेघ. काकू ती रेघ बघून हिशोब ठेवायच्या की परत ओढली का.

आता ज्यांनी हे किट घेऊच नये त्यांच्यासाठी. नख पिवळं आहे, सोबत जाड झालंय, भुगा पडतोय, खालून सुटतंय, तर तो डाग नाही, फंगस असू शकतं, स्किनच्या डॉक्टरला दाखवा, ते नखाचा तुकडा तपासायला पाठवतात आणि औषध काही महिने चालतं. सोरायसिसमध्येही नखं अशी होतात. सगळीच नखं पिवळी, जाड आणि वाढायची थांबलेली, वर पाय सुजतायत किंवा दम लागतोय, तर नखांचा विचार बाजूला ठेवून फिजिशियनकडे जा. असल्या नखांवर तो निळसर कोट लावला तर छानच दिसेल आणि दाखवायला तेवढा उशीर होईल, हा माझा या किटवरचा सगळ्यात मोठा आक्षेप. कार्डवर याबद्दल एक शब्द नाही.

पार्लरमध्ये व्हायटनिंग मॅनिक्युअरचं विचारलं होतं, गोखले रोडच्या बाजूला ९०० सांगितले, आणि त्यात करतात काय तर स्क्रब, बफर आणि वर पॉलिश. स्वतःचे हात कुणीतरी दाबून दिले म्हणून जायचं तर जा, डागासाठी नको.

माझा सल्ला विचाराल तर सुटं घ्या. जांभळी नाक्याला कॉस्मेटिकच्या होलसेल दुकानात बफर आणि साधा बेस कोट दोन्ही मिळून दीडशेच्या आत बसतं, पेरॉक्साइड मेडिकलमधून, तेल घरातलं, आणि हळद किसताना पातळ हातमोजे, ते पण तिथेच मिळतात. तरीही किट मागवलंत तर सील तोडायच्या आधी बेस कोटची बाटली उलटी करून बघा, आमची गळत होती, आणि सील तोडलेला डबा परत घेत नाहीत हे त्यांनी पानाच्या पार तळाशी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय.