उभ्या गाडीची बॅटरी उतरते? दारव्हा रोडवरचा इलेक्ट्रिशियन

कापूस वेचणीत आमची गाडी कोठ्यापाशी उभीच राहते. कधी हप्ताभर काही नाही, कधी एका रातीत बॅटरी ठार. शहरातल्या एका वर्कशॉपनं नवी बॅटरी गळ्यात मारली; तीही उतरली.

यवतमाळजवळच्या या माणसानं आधी बॅटरीच तपासली. ठणठणीत. मग निगेटिव्ह केबल सोडवून मधात मल्टिमीटर लावला न् बसला. "थांबा भाऊ, गाडीले झोपू द्या." म्हणजे बंद केल्यावरही आत चालू राहिलेली यंत्रं शांत होऊ द्या. अर्ध्या तासानं करंट ३० मिलिअँपिअरवर आला. ५०च्या आत म्हणजे चांगलं. दुसरा असता तर इथंच हात झटकून मोकळा झाला असता. यानं केबल जोडून, एसी लावून भर उन्हात गाडी फिरवून आणली, बंद केली अन् केबलला क्लॅम्प मीटर, म्हणजे केबल न सोडवता करंट मोजणारा चिमटा, लावला. साडेतीन अँपिअर! म्हणजे दहा तासांत ३५ अँपिअर-अवर, लहान गाडीची अख्खी बॅटरी.

फ्यूज उपसले नाहीत. उपसले की कधी कधी दोषच पळतो म्हणे. प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट मोजत गेला; ज्या फ्यूजमधून करंट वाहतो तिथंच ते दिसतात. एसी कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, तापला की चिकटून राहायचा, एवढंच. रिले आणि मजुरी मिळून ६५० रुपये. बॅटरीचे गेले ते गेलेच.

बसायला सावली नाही, फोन तर उचलतच नाही. घाई असेल त्यानं जाऊच नये. जुना रिले मात्र न मागता हातात देते.