न दिसणारी चैन: अकिलीस लो चिपळुणात

चिपळुणात कुणी महागाची वस्तू घेतली की लोक तोंडावर किंमत विचारत नाहीत. ‘यंदा आंबा बरा लागला वाटतं,’ एवढंच म्हणतात. गाडी, मोबाइल, सोफा, सगळ्याला हेच वाक्य. मी कॉमन प्रोजेक्ट्स कंपनीचे अकिलीस लो नावाचे बूट घालून बाजारपेठेत, बँकेत, लग्नाकार्यात फिरतो आणि मला अजून कुणी आंब्याचं विचारलेलं नाही. निम्मे पैसे मी त्याचेच मोजले म्हणा ना.

कंपनी २००४ सालची. न्यूयॉर्कचा प्रथान पूपट आणि इटलीचा फ्लाविओ गिरोलामी या दोघांनी काढलेली. बूट बनतात इटलीतल्या मार्के भागात, जिथे हा धंदा जुना आहे. वरून बघाल तर बघण्यासारखं काही नाही. पट्टे नाहीत, बाजूला खूण नाही. टाचेपाशी बाहेरच्या अंगाला सोनेरी आकड्यांची एक बारीक ओळ, बस. पहिले चार आकडे मॉडेलचे (१५२८ म्हणजे अकिलीस लो), पुढचे दोन मापाचे, शेवटचे चार रंगाचे.

शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा पडवीत चपलांची ही रास पडली होती. शेजारच्या काकू स्वतःची चप्पल शोधता शोधता माझा बूट हातात घेऊन उभ्या राहिल्या. चष्मा वर सरकवून आकडे वाचले नि म्हणाल्या, “हा कसला रे नंबर? दुकानदाराने लॉटचा शिक्का तसाच ठेवलान की. थोडं रॉकेल लाव, निघेल.” मी बरं म्हटलं. अशा ढिगात चाळीस हजारांचा जोड सोडून मी निवांत आरतीला उभा राहतो, तो या काकूंच्या भरवशावर.

पण हातात घेतल्यावर फरक कळतो. चामडं मऊ आहे, लुळं नाही. अंगठ्याने दाबलं की बारीक सुरकुत्या उमटतात आणि सोडलं की भरून येतात. आतलं अस्तरही चामड्याचंच. तळ रबराचा, मार्गोम या इटालियन कंपनीचा, आणि नुसता चिकटवलेला नाही, कडेने शिवलेला आहे. मी दातांचा डॉक्टर, टाके बघायची सवय जात नाही. दोन्ही बुटांची शिवण भिंगाखाली धरून पाहिली (हो, दवाखान्यातल्याच), वाकडा टाका सापडला नाही. दातावर कॅप बसवली आणि ती समोरच्याला ओळखू आली नाही, तरच काम जमलं म्हणायचं. हे त्याच जातीचं काम आहे.

माप मात्र मोठं येतं. नेहमीपेक्षा एक नंबर खालचा घ्या. आणि हा चालायचा बूट आहे, तळ सपाट, आत गादीबिदी नाही. सकाळी गोविंदगडावर चढायला जाणार असाल तर दुसरं काहीतरी बघा.

आता रंगाचं. जगभर पांढरा जोड प्रसिद्ध आहे, फोटोत तोच असतो. आपल्याकडे जांभा आहे. एकदा का तांबडी धूळ शिवणीत जाऊन बसली की ब्रश मारा, साबण लावा, ती गुलाबी झाक काही जात नाही. शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांनी हे आपल्याला लहानपणीच शिकवलंय. मी काळा घेतला, तळासकट काळा. ओल्या फडक्याने नव्हे, जेमतेम दमट फडक्याने पुसतो आणि अधूनमधून बिनरंगाचं क्रीम लावतो.

जून ते सप्टेंबर मुक्काम कपाटात. जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे टांगलेल्या पट्ट्याला बुरशी येते, बुटाची काय कथा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सिलिकाच्या पुड्या टाकायच्या आणि उघडीप मिळाली की सावलीत वाऱ्याला ठेवायचे. उन्हात नको, चामडं कडक होतं. पावसाळाभर माझ्या पायात इतरांसारखीच रबरी सँडल.

किंमत ४०० डॉलरच्या वर, तीही वर्षातल्या आठ महिन्यांसाठी. साधेपणाच हवा असेल तर आदिदासचा स्टॅन स्मिथ कितीतरी स्वस्तात मिळतो आणि चांगला दिसतो. पण त्याच्या जिभेवर टेनिसपटूचा चेहरा आहे, आणि मला पायात कुणाचाच चेहरा नको होता. हे कारण पटण्यासारखं नाही, ठाऊक आहे. शिवलेला तळ झिजला की नवा घालता येतो, पण त्यासाठी जोड मुंबईला पाठवावा लागेल. चिपळुणात तसं काम करणारं मला कुणी सापडलेलं नाही.

मेहुण्याला पुढच्या खेपेला तपकिरी जोड आणायला सांगितलाय. बायकोचं म्हणणं, आधी पडवीची कौलं.