सदाशिव पेठेतून कोथरूडला: आई-बाबांच्या लिफ्टच्या घराचा नऊ महिन्यांचा अनुभव

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही भावंडांनी आई-बाबांना सदाशिव पेठेतील तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या फ्लॅटमधून कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावरील भाड्याच्या घरात हलवले. बाबा ८१ वर्षांचे आहेत आणि आई ७५ वर्षांची. मी ठाण्याला राहते, भाऊ बंगळूरला असतो, त्यामुळे हाक मारल्यावर पाच मिनिटांत पोहोचेल असे आमच्यापैकी कोणीच जवळ नाही. आता या घरात नऊ महिने पूर्ण झाले आहेत. ज्यांच्या घरी हा विषय दर दिवाळीला निघतो आणि पाहुणे गेले की पुन्हा मागे पडतो, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी आमची चूक सांगते. जुनी इमारत १९८४ ची, जिन्याला ५४ पायऱ्या. बाबांचे गुडघे २०१८ पासूनच कुरकुरत होते, पण त्याच सुमारास सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आणि ‘नव्या इमारतीत लिफ्ट येणारच आहे, मग आता कशाला हलायचे’ हे वाक्य आमच्या घरात ठाण मांडून बसले. पुढे २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली, तेव्हा तर आता हे काम होणारच असे सर्वांना वाटले. परंतु संमती मिळणे आणि बांधकाम उभे राहणे यांत विकासक, करारनामा, वाढीव क्षेत्रफळावरचे वाद आणि महापालिकेची परवानगी इतके टप्पे असतात, आणि या प्रत्येक टप्प्यावर एखादे वर्ष सहज निघून जाते. त्यातही इमारत पाडली की सभासदांना दोन-तीन वर्षे दुसरीकडे राहावेच लागते, म्हणजे ऐंशीच्या घरातल्या माणसांनी एकदा नव्हे, दोनदा घर हलवायचे. हा साधा हिशेब आम्ही सहा वर्षे मांडलाच नाही.

जून २०२४ मध्ये एका रात्री बाबांना तापाने ग्लानी आली. रुग्णवाहिका दारात आली, पण जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना. शेवटी बाबांना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसवून, चादरीने बांधून, चौघांनी खाली आणले. मी पहाटे पुण्यात पोहोचले तेव्हा ती खुर्ची अजून पार्किंगमध्येच होती. बाबा चार दिवसांत बरे होऊन घरी आले, परंतु त्यानंतर ते स्वतःहून जिना उतरायचे जवळजवळ थांबले. आई दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. त्याच चौकोनांत ती बाबांच्या रक्तदाबाचे आकडे आणि ‘खाली गेले’ अशी नोंदही करू लागली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘खाली गेले’ ही नोंद फक्त तीन दिवशी होती, आणि तिन्ही वेळा कारण डॉक्टर हेच होते. नाना पेठेपासून डेक्कनपर्यंत रोज पायी फिरणारे बाबा महिन्याभरात तीनदा रस्ता पाहत होते. घर बदलायचे ते नेमके कशासाठी, हे मला त्या पानावर पहिल्यांदा स्पष्ट दिसले. सुरक्षिततेची काळजी आमची होती. त्यांचे जे हरवले होते ते कोणाला न विचारता, कोणाची वाट न पाहता घराबाहेर पडणे.

आमच्यासमोर तीन पर्याय होते. त्यांनी ठाण्याला माझ्याकडे येणे हा पहिला. तो बाबांनी एका वाक्यात मिटवला: ‘तुझ्याकडे आम्ही पाहुणेच राहू.’ मला त्या क्षणी वाईट वाटले, पण माझे दिवसभर बंद असणारे घर डोळ्यांसमोर आणले तेव्हा त्यांचे म्हणणे पटले.

दुसरा पर्याय शहराबाहेरील ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीचा होता. अशा अनेक ठिकाणी काही दिवस राहून पाहण्याची सोय असते आणि ती अवश्य वापरावी. आई-बाबा एका ठिकाणी आठ दिवस राहिले. तेथील बांधणीला नावे ठेवायला जागा नव्हती: रुंद दरवाजे, उंबरे नाहीत, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, खोलीत मदतीसाठी घंटा, रात्रीही परिचारिका हजर. ज्यांना रोजच्या शुश्रूषेची गरज आहे किंवा जे एकटे राहतात, त्यांच्यासाठी मला हा पर्याय आजही उत्तम वाटतो. आमच्या घरी अडचण वेगळीच निघाली. चौथ्या दिवशी आईने फोनवर सांगितले की बाबांना दुपारचा चहा साडेतीनला लागतो आणि तिथे तो चार वाजता मिळतो, त्यामुळे ते अर्धा तास दाराकडे पाहत बसतात. खोलीत किटली ठेवता आली असती, हे खरे आहे. पण फाटकाबाहेर पडल्यावर पायी गाठता येईल असे एकही दुकान नव्हते, आणि बाबांना चहापेक्षा तेच जास्त खुपत होते.

म्हणून तिसरा पर्याय घेतला: पुण्यातच, वस्तीत, लिफ्ट असलेले घर, आणि तेही आधी भाड्याने. विकत घेण्याची घाई न करण्याचा निर्णय मी या सगळ्यातील सर्वांत चांगला निर्णय मानते. या वयात एखादे घर मानवते की नाही हे तिथे एक पावसाळा काढल्याशिवाय कळत नाही. जुना फ्लॅट आई-बाबांच्याच नावावर ठेवला आहे. ‘आत्ताच मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून टाका’ असा सल्ला नात्यातून आला होता, तो आम्ही दोघा भावंडांनीच नाकारला.

घरे पाहताना एक गोष्ट शिकले, ती जाहिरातीत कधीच लिहिलेली नसते. कोथरूडमधील कितीतरी जुन्या इमारतींत लिफ्ट आहे, परंतु तिच्या दारापर्यंत पोहोचायला पार्किंगपासून चार-पाच पायऱ्या चढाव्या लागतात. दलालाला फोनवर ‘लिफ्ट आहे का’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘आहे’ म्हणतो. चार पायऱ्यांची उंची साधारण ६० सेंटिमीटर होते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे तेवढ्या उंचीला साधारण ७.२ मीटर लांबीचा उतार हवा. तेवढी जागा जुन्या पार्किंगमध्ये सहसा सापडत नाही. केवळ या एका कारणाने आम्ही सात घरे सोडली. त्यानंतर मी फोनवरच ‘लिफ्ट पार्किंगच्या पातळीवर उघडते का’ असे विचारू लागले आणि पुढच्या अनेक फेऱ्या वाचल्या.

महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता किमान निकष ठरवून दिले. त्यांत दरवाजे ९०० मिलिमीटरपेक्षा कमी रुंद नसावेत, एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट असावी, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या आणि न घसरणाऱ्या फरश्या असाव्यात, अशा तरतुदी आहेत. हे निकष ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांचे आहेत. जुन्या इमारतीतील साधा फ्लॅट त्यांत बसत नाही, पण घर पाहायला जाताना सोबत ठेवण्यासाठी ही यादी फार कामाची आहे. आम्ही घेतलेल्या घराच्या शयनगृहाचे दार ३३ इंच आहे, ते चालते. संडास-न्हाणीघराचे दार मात्र जेमतेम २४ इंच आहे. आत्ता बाबा काठी घेऊन आत जातात, परंतु वॉकर लागला तर तो तिरका करावा लागेल, आणि चाकाची खुर्ची आत जाणारच नाही. घर पसंत करताना मी हे दार मोजले होते आणि तरीही ‘पुढचे पुढे पाहू’ म्हणून सोडून दिले. या घराचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

भाडेकराराबद्दल थोडक्यात लिहिते. अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवला. भिंतीला भोके पाडून दांड्या बसवण्याची परवानगी मालकांकडून करारातच लिहून घेतली, आणि हे प्रत्येकाने करावे असे मी आग्रहाने सांगते, कारण तोंडी होकार सोसायटीच्या बैठकीत टिकत नाही. बाबांच्या बोटांचे ठसे यंत्र चार-पाचदा घेईना. वयोमानाने बोटांवरच्या रेषा पुसट होतात, तेव्हा एजंटाला सकाळची निवांत वेळ मागावी. हयातीच्या दाखल्यालाही ठसेच लागतील ही काळजी मात्र मिटली आहे, कारण तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

दांड्यांविषयी महत्त्वाचे म्हणजे चूषणाने भिंतीला चिकटणाऱ्या दांड्या घेऊ नयेत. फरशी जराशी ओली किंवा खडबडीत असली की त्या सुटतात, आणि माणूस नेमका त्याच क्षणी त्यांच्यावर भार टाकत असतो. आम्ही स्टीलच्या दांड्या फरशीच्या मागच्या विटेपर्यंत स्क्रू नेऊन बसवल्या. उंची ठरवताना मिस्त्रीच्या अंदाजावर न जाता बाबांना कमोडवर बसवले, उठताना त्यांचा हात आपोआप जिथे गेला तिथे खडूने खूण केली आणि दांडी त्या खुणेवर लावली. नऊ महिन्यांत एकही सैल झालेली नाही. कमोडवर तीन इंच उंचीची बैठक टाकली, त्याने गुडघ्यांना सर्वांत जास्त आराम मिळाला. आईचा प्रश्न ओट्याचा होता. जुना ओटा तिच्या उंचीप्रमाणे ३० इंचांचा करून घेतला होता, इथला ३४ इंचांचा आहे, आणि ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटू लागली. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. आता ती बुटक्या टेबलाशी खुर्चीत बसून लाटते आणि फक्त भाजायला उठते.

सामान हलवताना माझ्याकडून एक चूक झाली. आई-बाबांना दगदग नको म्हणून त्यांना दोन दिवस मावशीकडे पाठवले आणि मी व भावाने घर पूर्ण लावून ठेवले. त्यांना आयते घर मिळावे हा हेतू होता. प्रत्यक्षात आईला तीन आठवडे हिंगाची डबी आणि सांडशी शोधावी लागत होती, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात मला फोन करून वस्तू कुठे आहेत ते विचारावे लागत होते. बाबांचे अधिक गंभीर होते. जुन्या घरात पलंगावरून उठले की संडास डावीकडे होता. नव्या घरात तो उजवीकडे आला. चाळीस वर्षांच्या सवयीने ते रात्री झोपेत डावीकडे वळत आणि कपाटावर आदळत. दोनदा असे झाल्यावर भावाने पलंगाची दिशाच उलट केली, म्हणजे संडास पुन्हा डाव्या हाताला आला, आणि वाटेत हालचालीने पेटणारे दोन छोटे दिवे लावले. त्यानंतर ते एकदाही चुकलेले नाहीत. पुन्हा वेळ आली तर मी निदान स्वयंपाकघराचे खोके आईसमोरच उघडीन.

पहिले दोन महिने कठीण गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. आईचे भजनी मंडळ पेठेत, ओळखीचा वाणी पेठेत, औषधांच्या दुकानातला मुलगाही तिथलाच. फेब्रुवारीत ती मला म्हणाली, ‘इथे मला कोणी नावाने ओळखत नाही.’ त्या आठवड्यात आपण चुकलो असे मला मनापासून वाटले होते. मार्ग मेट्रोने काढून दिला. आयडियल कॉलनी स्थानक घरापासून सात-आठ मिनिटांवर आहे आणि स्थानकात लिफ्ट आहे. शेजारच्या काकू तिला एकदा सोबत घेऊन गेल्या, आणि आता ती दर गुरुवारी एकटी डेक्कनपर्यंत मेट्रोने व पुढे रिक्षाने भजनाला जाते. घर शोधताना रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते मी नकाशावर पाहिले होते. भजनाला जायची वाट मी पाहिली नव्हती, ती योगायोगाने मिळाली. पदपथांची अवस्था मात्र वाईट आहे. त्यांवर दुचाकी लावलेल्या असतात आणि बाबांना काठी टेकत रस्त्यावर उतरावे लागते, म्हणून ते सकाळी सातच्या आतच बाहेर पडतात.

ऑगस्टमध्ये लिफ्ट दुरुस्तीसाठी तीन दिवस बंद होती. घर दुसऱ्या मजल्यावरच घ्यायचे हा आमचा हट्ट तेव्हा कामी आला, कारण ३६ पायऱ्या आई सावकाश उतरू शकली आणि भाजी-दूध थांबले नाही. वीज गेल्यावर लिफ्ट जनित्रावर चालते का, हे आधी विचारून घेतले होते. ती चालते.

कॅलेंडर आता नव्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि आईची सवय तशीच आहे. सप्टेंबरच्या पानावर ‘खाली गेले’ २३ दिवशी लिहिलेले आहे, आणि त्यांत डॉक्टर फक्त एकदा. एका चौकोनात ‘खाली गेले, पेरू आणले, महाग’ असे आहे.

करार डिसेंबरमध्ये संपतो आणि तो वाढवायचे ठरले आहे. त्याआधी न्हाणीघराचे दार २४ वरून ३० इंच करून मिळावे असे मालकांना पत्र दिले आहे. एका बाजूची भिंत अर्ध्या विटेची आहे, त्यामुळे काम होऊ शकते असे मिस्त्री म्हणतो, आणि खर्च आम्ही करणार आहोत. मालक येत्या रविवारी मिस्त्रीबरोबर पाहायला येणार आहेत. मी त्या दिवशी पुण्यात असेन.