सिलिंगचा पुलीवाला हँगर : घ्या, पण गाठ नीट मारून घ्या

पावसाळ्यात कपड्यांना तो कुबट वास येतो ना, त्यावर आमच्याकडे हाच उपाय चालला. गॅलरीत सहा पाइपवाला सिलिंग हँगर लावलाय आणि मी जाम खूश आहे. प्रत्येक पाइप वेगळा खाली येतो, सासूबाईंना स्टुलावर चढावं लागत नाही, उभ्या उभ्या टॉवेल टाकतात, दोरी ओढली की वर, खाली चालायला जागा मोकळी.

पण खरा खेळ दोरीचा आहे. एका पाइपला दोन दोऱ्या असतात, लांबच्या टोकाची दोरी तिकडच्या कप्पीवरून छताच्या कडेने इकडच्या कप्पीवर येते आणि मग दोन्ही बरोबर खाली भिंतीवरच्या हुकला. दोन्ही सारख्या ओढल्या गेल्या तरच पाइप सरळ जातो, नाहीतर तिरका होऊन सगळे शर्ट एका कोपऱ्यात गोळा. आमच्या फिटिंगवाल्या दादांनी पाइप पूर्ण खाली सोडला, त्यावर लेव्हल (सरळपणा दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवून बुडबुडा मध्ये आणला, दोन्ही दोऱ्या ताणल्या आणि कप्पीच्या जरासं खाली दोघींची मिळून एक गाठ मारली. आता गाठीच्या खाली कुठेही धरून ओढा, दोन्ही टोकं एकदम उचलली जातात. हे काम करूनच घ्या, बरेच जण दोऱ्या सुट्ट्या ठेवून निघून जातात.

सोबत आलेली दोरी नायलॉनची असेल तर ओल्या कपड्यांच्या वजनाने ताणली जाते, त्यात लांबची दोरी जास्त, म्हणून ते टोक हळूहळू खाली येतं. थोडे दिवस वापरून गाठ परत मारायची.

आणि कप्पीमुळे वजन कमी होत नाही हां, ती फक्त ओढायची दिशा बदलते. ओली सोलापुरी चादर तेवढीच जड लागते, ती मशीनमध्ये नीट पिळूनच टाका.

फॉल्स सिलिंगला अजिबात लावू नका, स्लॅबमध्येच अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) हवेत. दुकानात चुंबक लावून ‘बघा चिकटत नाही, ३०४ स्टील आहे’ म्हणतात त्यावर जाऊ नका, २०२ या हलक्या ग्रेडच्या स्टीलला पण सहसा चिकटत नाही. मुंबई-कोकणाच्या खाऱ्या हवेत २०२ लवकर गंजतं, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहूनच घ्या. आणि दोरी बदलायची वेळ आली तर विणलेली पॉलिएस्टरची आणा, ती नायलॉनपेक्षा कमी ताणते.