मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र: कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये

आईसाठी मोठ्या अक्षरांचं, चेनच्या कव्हरचं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेतलं. आता ते घरात रोज सकाळ-संध्याकाळ उघडलं जातं, म्हणून घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहिते.

अक्षर उत्तम. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही आईला नेहमीच्या प्रतीतल्या ओळी एकमेकींवर चढल्यासारख्या दिसायच्या. इथे जोडाक्षरं सुटसुटीत आहेत, रफार आणि अनुस्वार नीट उमटलेत, शाई काळीभोर आहे. कागद मात्र पातळ. स्तोत्रांच्या पानांवर मागची अक्षरं पुढे दिसतात. पानाखाली काळा जाड कागद सरकवला की दिसेनाशी होतात. वजन बरंच आहे, मांडीवर उशी घेऊनच वाचावं लागतं. शिवण मजबूत आहे, चेन अजून अडकलेली नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. जागा वाचवायला तळाचे संदर्भ, म्हणजे वचनाशी जुळणारी वचनं शास्त्रात आणखी कुठे आहेत ते सांगणाऱ्या टिपा, सगळे गाळलेत. पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय २, वचनं ९ आणि १० काढून बघा. आमच्या जुन्या प्रतीत तिथे खाली जुन्या करारातल्या निर्गम १९ आणि होशेय या पुस्तकांचे संदर्भ आहेत. इथे काही नाही. पेत्र आशिया मायनरमध्ये पांगलेल्या विश्वासणाऱ्यांना सांगतो की तुम्ही पूर्वी लोक नव्हता, आता देवाचे लोक आहात. हे कुठून आलं ते होशेयात गेल्याशिवाय कळत नाही. तिथे देव होशेय संदेष्ट्याला त्याच्या मुलाचं नाव लो-अम्मी ठेवायला लावतो, म्हणजे ‘माझे लोक नव्हेत’. आणि दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी तोच देव त्यांना पुन्हा आपलं म्हणतो. नाकारलेल्या लेकराला बापाने परत जवळ घेतल्याची ही गोष्ट आहे, आणि पेत्राच्या त्या एका ओळीत ती सगळी भरलेली आहे. संदर्भ नसला की ओळ वाचली जाते, गोष्ट राहून जाते.

आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांना ती राहून चालत नाही. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचं काम नगरला १८३१मध्ये सुरू झालं. पुढे जे प्रभूकडे आले त्यांतल्या कितीतरी जणांची घरं वेशीबाहेर होती, आमचंही. इतक्या पिढ्या झाल्या तरी ‘तुम्ही मूळचे कोण?’ हा प्रश्न सुटलेला नाही. शेजारी विचारतात, आणि सोयरीक जुळवताना मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसंही विचारतात, याचं मला फार वाईट वाटतं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. म्हणजे कागद एक सांगतो, गाव दुसरंच. आई मात्र विचारणाऱ्याला सरळ सांगते, “आम्ही देवाची माणसं.” ती उत्तर टाळत नसते. तिला दुसरं उत्तर ठाऊकच नाही, आणि मलाही दुसरं नको आहे.

दृढीकरणाच्या, म्हणजे मुलं मंडळीपुढे आपला विश्वास स्वतः कबूल करतात त्या विधीच्या तयारीच्या, वर्गालाही मी हीच प्रत नेते, चार पोरं एकदम वाकून वाचू शकतात. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय चालला होता: तुम्ही स्वतःचे नाही, मोल देऊन घेतलेले आहात. एका मुलीने विचारलं, “म्हणजे आपण गुलाम का, बाई?” प्रश्न रास्त होता. पौलाच्या काळी माणसं खरोखर बाजारात विकली जात, आणि वाचणाऱ्यांत दासही होते. मी तिला रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढायला लावला. तिथे तोच पौल म्हणतो की तुम्हाला भिण्यासाठी दासपणाचा आत्मा मिळालेला नाही, दत्तकपणाचा मिळाला आहे, म्हणून आपण देवाला अब्बा, बापा अशी हाक मारतो. आणि मुलं आहोत तर वारसही आहोत. ज्याने मोल दिलं त्याने ते आपल्याला लेकरू करून घ्यायला दिलं. तिने ती वचनं पुन्हा मोठ्याने वाचली, मग बाकीच्यांनीही वाचली. हे दोन्ही उतारे सोबत वाचायचे असतात हे पानावर कुठेतरी छापलेलं असावं, एवढंच मागणं आहे.

कुटुंबाच्या नोंदीचं पान यात नाही, फक्त भेट देणाऱ्याचं नाव लिहायची जागा आहे. जन्म, बाप्तिस्मा, लग्न अशा नोंदी ठेवणाऱ्या घरांनी वेगळं पान चिकटवावं.

वयस्कर माणसांसाठी, अधू नजरेच्या वाचकांसाठी बिनधास्त घ्या. उपदेशाची तयारी करणाऱ्यांनी किंवा वर्ग घेणाऱ्यांनी एवढ्यावर भागवू नये, संदर्भाची प्रत जोडीला हवीच. जुनी प्रत रद्दीत तर मुळीच घालू नका. मी तिच्यातले संदर्भ पेन्सिलीने या प्रतीच्या समासात उतरवतेय. पेत्र झाला, रोमकरांस पत्र झालं, आता यशयाचा त्रेचाळिसावा अध्याय घेतलाय.